११४ विकेट्स, तरी कॅप्टन नाही!

नारायणगाव असो की मंचर, टेनिस बॉलच्या मॅचेस लागल्या की टीमचं नाव काय ठेवायचं आणि सगळ्यात भारी बॉलर कोण, यावर कट्ट्यावर वाद रंगतात. त्या वादात एक नाव यायलाच हवं, बाळू पालवणकर.

१८७६ मध्ये चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात क्रिकेटच्या मैदानाची देखभाल करायचे. पूना क्लबच्या नेटमध्ये गोऱ्या साहेबांना तासन् तास बॉलिंग टाकायचे. बॅट मात्र त्यांच्या हातात कोणी देत नसे.

तेव्हा मोठ्या टीम्सची नावंच धर्म-वंशावरून असायची : हिंदू, पारशी, युरोपियन. बाळूंची डावखुरी स्पिन बघून पुण्यातल्या हिंदू क्लबनं त्यांना घेतलं. मैदानात त्यांनी टाकलेला बॉल सगळे हातात घ्यायचे, पण चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात मिळायचा.

१९०६ मध्ये मुंबईत हिंदू टीमनं युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात तर त्यांनी ११४ विकेट्स काढल्या. तरीही हिंदू टीमची कॅप्टनशिप त्यांना कधीच मिळाली नाही. १९२३ मध्ये ती त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाली आणि टीम जिंकलीही.

१९५५ मध्ये बाळू गेले. रेकॉर्डमध्ये विकेट्स सापडतात, तो मातीचा कप सापडत नाही. पुढच्या वेळी टीमचं नाव ठरवताना एवढं बघा, त्या नावात कोण बाहेर राहतंय?