विस्मरणाचा माग काढणारा डॉक्टर

डॉ. आलोइस अल्झायमर यांचे आडनाव आज घराघरांत एका आजाराचे नाव म्हणून घेतले जाते. त्यांचा जन्म 14 जून 1864 रोजी जर्मनीतील मार्क्टब्राइट या गावी झाला. 1887 मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते पुढच्याच वर्षी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. दिवसा रुग्णांशी बोलायचे आणि नंतर मृत रुग्णांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. पेशी रंगवून पाहण्याच्या कामात निष्णात असलेले डॉ. फ्रान्झ निस्ल तेथे त्यांचे सहकारी होते.

1901 हे वर्ष त्यांना जड गेले. फेब्रुवारीत पत्नी सेसिली वारली. पदरी तीन लहान मुले होती. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला ऑगस्ट डेटर ही 51 वर्षांची महिला रुग्णालयात दाखल झाली. आपण साठी बुद्धी नाठी म्हणतो, पण ही बाई साठीलाही पोहोचली नव्हती. नवऱ्याचे नाव विचारले की ती स्वतःचेच नाव सांगे. दाखवलेल्या वस्तू ओळखे आणि थोड्या वेळाने त्या पाहिल्याचेच विसरे. ताटात फ्लॉवर असताना पालक खात असल्याचे सांगे. नाव लिहायला बसली, की अर्ध्यावर काय लिहायचे तेच आठवत नसे. डॉक्टरांनी हे सारे बारकाईने नोंदवून ठेवले.

पुढे ते म्युनिकला डॉ. एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले, तरी या रुग्णाची चौकशी त्यांनी सोडली नाही. एप्रिल 1906 मध्ये ती वारल्यावर तिचा मेंदू त्यांनी म्युनिकला मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत त्यांना पेशींच्या आत तंतूंचे गुंते आणि पेशींबाहेर विखुरलेले साके दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. सभागृहातून एकही प्रश्न आला नाही. 1910 मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. तरीही अनेक दशके तो ऐन उमेदीतील लोकांचा दुर्मीळ आजार समजला गेला आणि वृद्धांचे विस्मरण म्हातारपणाच्या खात्यावर जमा होत राहिले.

1912 मध्ये ते ब्रेस्लाऊ विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिकडे जाताना रेल्वेप्रवासातच आजारी पडले आणि त्यातून पुरते सावरले नाहीत. 19 डिसेंबर 1915 रोजी त्यांचे निधन झाले. वय होते 51. फ्रँकफर्टला पत्नीशेजारी त्यांना पुरण्यात आले.

त्यांनी पाहिलेले साके अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे आणि गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे असतात, हे 1980 च्या दशकात उलगडले. तरी ते पाहायला रुग्णाच्या मृत्यूची वाट पाहावी लागे. 2002 मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे एका जिवंत रुग्णाच्या शिरेत अमायलॉइडला चिकटणारे, किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून पेट स्कॅन करण्यात आला आणि साके पडद्यावर दिसले. टाऊ दाखवणारी द्रव्येही आता उपलब्ध आहेत.

या चित्रांनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, अमायलॉइड साठायला विस्मरण सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी सुरुवात होते. दुसरी, ते साठलेल्या काही वृद्धांची स्मरणशक्ती शाबूत असते. स्मरणशक्तीच्या घसरणीशी अधिक जवळचे नाते टाऊच्या फैलावाचे दिसते. म्हणून केवळ स्कॅनवरून निदान होत नाही. शिवाय ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड यांमुळेही विसरायला होते आणि त्यावर उपचार आहेत. रोजचे व्यवहार अडू लागले, तर वय झाले म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. तेही आधी नाव-गाव विचारतील, काही शब्द किंवा वस्तू सांगतील आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारतील. डॉ. अल्झायमर यांनीही सुरुवात तशीच केली होती.