पाउली नाही म्हणाला!

१९९९ साली एका गटाने कार्बन नॅनोट्यूबच्या दोन टोकांना कोबाल्टचे कॉन्टॅक्ट लावले. दोन्हींचं चुंबकत्व एका दिशेला असलं की रोध कमी, उलट असलं की जास्त. फरक ९ टक्क्यांपर्यंत. कारण इलेक्ट्रॉनचा स्पिन नळीतून जाताना टिकून राहतो. हीच नळी आखूड करून खूप थंड केली की तिचा क्वांटम डॉट होतो आणि त्याच्या एकेका पातळीत दोनच इलेक्ट्रॉन बसतात, उलट स्पिनचे. हा नियम वोल्फगांग पाउलीचा. अकरावीला आपण तो नुसता पाठ केला!

पाउलीचा जन्म १९०० सालचा, व्हिएन्नाचा. २१व्या वर्षी त्याने रिलेटिव्हिटीवर दोनशेहून जास्त पानांचा लेख लिहिला आणि खुद्द आइनस्टाइनने त्याचं कौतुक केलं. बुद्धी तल्लख, जीभ त्याहून. कच्चं काम दिसलं की कोणाचा मुलाहिजा नाही. प्रयोगाशी मात्र त्याचं वाकडं. तो आला की उपकरणं मोडतात म्हणून हॅम्बुर्गला ओटो स्टर्नने त्याला लॅबमध्ये यायची बंदी केली होती म्हणे.

१९२५च्या सुरुवातीला त्याने हा नियम मांडला. त्यासाठी इलेक्ट्रॉनला चौथा क्वांटम नंबर हवा होता, ज्याच्या किमती फक्त दोन. पण हा नंबर म्हणजे नेमकं काय? त्याच जानेवारीत ट्युबिंगेनला राल्फ क्रोनिग नावाच्या पोराने ओळखलं, की इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरत असावा. वय वर्षं वीस, म्हणजे आपल्याच बॅचचा. दुसऱ्या दिवशी पाउली तिथे आला. क्रोनिगने भीतभीतच सांगितलं असेल. कल्पना हुशारीची आहे, पण निसर्ग काही तसा नाही, असं म्हणून पाउलीने ती उडवून लावली. हिशोबही दुप्पट येत होता. क्रोनिगने छापलं नाही.

त्याच वर्षाअखेर लायडेनच्या उलेनबेक आणि गाउडस्मिटने तीच कल्पना छापली. १९२६ मध्ये थॉमसने रिलेटिव्हिटी लावून ती दुपटीची अडचण सोडवली. रिलेटिव्हिटीवर एवढं लिहिणाऱ्या पाउलीच्या नजरेतून हे सुटावं, याचं मला नवल वाटतं! शेवटी त्याने मान्य केलं आणि १९२७ मध्ये स्पिनचं गणितही स्वतःच दिलं. त्या पाउली मॅट्रिक्स.

१९२८ला तो झुरिचला प्रोफेसर झाला. असिस्टंट कोण? क्रोनिग! १९३०ला त्याने न्यूट्रिनोची कल्पना मांडली, १९४५ला नोबेल मिळालं. १५ डिसेंबर १९५८ला झुरिचच्याच हॉस्पिटलमध्ये तो गेला. खोली नंबर १३७. फाइन स्ट्रक्चर कॉन्स्टंटमधला हा आकडा त्याला जन्मभर छळत होता, आणि तो दारावर पाहून आजारपणातही अस्वस्थ झाला होता.