मातीतली सवय, गादीवरची कसोटी : खाशाबा जाधव

भिलाई, १५ जानेवारी : तालमीतील सराव प्रत्यक्ष लढतीत कितपत उपयोगी पडतो, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याने खाशाबा दादासाहेब जाधव यांचे चरित्र पाहावे. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणाऱ्या या मल्लाची आज जयंती.

कराडजवळच्या गोळेश्वर येथे १९२६ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यामुळे खाशाबा लहानपणीच लाल मातीत उतरले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. तालमीत जोर करताना जोडीदार ओळखीचा, पायाखाली माती आणि निकालाची खूण एकच, चितपट. त्याच वातावरणात त्यांचे शरीर घडले.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मात्र पायाखाली गादी आली. ठरावीक वेळ, आंतरराष्ट्रीय नियम आणि चितपट न झाल्यास पंचांचा कौल, हे सारेच नवे होते. अमेरिकन मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना तेथे मार्गदर्शन केले. खाशाबांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. ताकद होती, चपळाईही होती. अपुरा होता तो गादीचा सराव.

चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. या वेळी खाशाबा बँटमवेट गटात उतरले आणि कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याकडून ते पराभूत झाले. सुवर्णपदक जिंकणारे इशीही मूळचे ज्युदोपटू. त्यांनीही जुन्या सवयींना नवे वळण दिले होते. त्या दीर्घ झुंजीनंतर नियमानुसार अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण बाजू मांडायला भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेल्या खाशाबांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी लढावे लागले. ती लढत गेली, कांस्यपदक मात्र हाती आले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक आयुक्तपदावरून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आज भिलाईत असो वा कोल्हापुरात, गादीवर उतरणाऱ्या मुलाला खाशाबांच्या कारकिर्दीतून एकच धडा मिळतो : जेथे लढायचे, तेथल्या नियमांनीच जोर करावा.