लास्लो मोहोली-नॉज
लास्लो मोहोली-नॉज (२० जुलै, १८९५ - २४ नोव्हेंबर, १९४६) हे हंगेरीत जन्मलेले चित्रकार, छायाचित्रकार व कलाशिक्षक होते. प्रकाशालाच कलेचे माध्यम मानणाऱ्या आद्य कलावंतांत त्यांची गणना होते. १९२३ मध्ये ते जर्मनीतील बाउहाउस कलाशाळेत अध्यापक झाले. १९३० साली त्यांचे विद्युत्प्रकाशात फिरणारे यांत्रिक शिल्प पॅरिसमध्ये प्रदर्शित झाले. त्याच्या छाया भिंतींवर सरकत असत. १९३७ मध्ये ते शिकागोस आले. महायुद्धकाळात, डिसेंबर १९४२ मध्ये, हवाई हल्ल्यापासून शहराच्या रक्षणासाठी कॅमोफ्लाजचे काम महापौरांनी त्यांच्यावर सोपविले. प्रकाशाने अवकाश उजळविणाऱ्या या कलावंताला आता शत्रूच्या विमानांना शहर ओळखू येणार नाही, अशी योजना आखायची होती. रक्ताच्या कर्करोगाने शिकागो येथेच त्यांचे निधन झाले.