‘सिंहगड’ गाजवणाऱ्या बाबुराव पेंटरांनी कर्जबाजारी शेतकऱ्यावर सिनेमा काढला, पण तो चालला नाही

मराठीत एखादा ऐतिहासिक सिनेमा चालला की मागोमाग दुसरा येतो. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ ही तर ठरवून काढलेली मालिकाच. ‘झिम्मा’चा दुसरा भाग येतो, ‘धर्मवीर’चाही येतो. हॉलिवूडमध्ये सुपरहिरोंचं तेच चालतं. पैसे लावणाऱ्याचं गणित साधं असतं, नाव ओळखीचं असेल तर तिकीट खपतं. मग नव्या गोष्टीला पैसा कुणी देत नाही, अशी ओरड सुरू होते.

ही ओरड आजची वाटते, पण हा पेच १०० वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका माणसासमोर उभा राहिला होता. त्या माणसाचं नाव बाबुराव पेंटर.

बाबुरावांचं मूळ आडनाव मेस्त्री. जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. वडील कृष्णराव हाडाचे कारागीर. घरात लाकूडकाम, चित्रकला, मूर्तिकला असं सगळंच चालायचं. बाबुराव कुठल्या कला शाळेत गेले नाहीत, जे शिकले ते घरात आणि कामावर. चुलतभाऊ आनंदराव आणि बाबुराव ही जोडी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायची. हे पडदे इतके गाजले की लोक त्यांना पेंटर म्हणायला लागले आणि तेच आडनाव होऊन बसलं.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघा भावांच्या डोक्यात सिनेमा शिरला. त्यांनी जुना प्रोजेक्टर घेतला, सिनेमे दाखवायला सुरुवात केली आणि स्वतःचा कॅमेरा बनवायच्या मागे लागले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. पण बाबुराव थांबले नाहीत. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीनं त्यांनी कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला.

कॅमेरा झाला, पण सिनेमाला पैसा लागतो. तो दिला गायिका तानीबाई कागलकर यांनी. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती अशी. मोठी पेढी नाही, बँक नाही. एका कलावंत बाईनं दुसऱ्या कलावंतावर टाकलेला हा विश्वास होता.

पहिलाच सिनेमा आणि ‘सिनेमा केसरी’

१९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. महाभारतातली कीचकवधाची गोष्ट. त्या काळात बायकांनी सिनेमात काम करणं म्हणजे घराण्याला बट्टा समजला जायचा, बायकांची कामं पुरुषच करायचे. बाबुरावांनी मात्र स्त्री भूमिका स्त्रियांनाच दिल्या. कीचकाच्या वधाचा प्रसंग इतका खरा वाटला की सेन्सॉरला तो खटकला. लोकमान्य टिळकांनी सिनेमा पाहून बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ हा किताब दिला.

पैसा आला तसे पैसेवाले भागीदारही आले. मग कंपनीत एकामागून एक सिनेमे निघाले आणि बहुतेक गोष्टी प्रेक्षकांना आधीच पाठ असलेल्या. ‘सुरेखाहरण’, ‘दामाजी’, ‘श्रीकृष्ण अवतार’. पुराण, संत आणि इतिहास हे त्या काळातले ब्रँड होते. मूकपटाच्या जमान्यात याचा आणखी एक फायदा होता. पडद्यावर आवाज नाही आणि पाट्या वाचता येणारे प्रेक्षक थोडे. गोष्ट आधीच माहीत असेल तर कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

१९२३ चा ‘सिंहगड’ हा यातला कळस. हरी नारायण आपटे यांच्या कादंबरीवरचा हा सिनेमा. तानाजी मालुसरेंची गोष्ट, शिवाजी महाराजांच्या भूमिकेत स्वतः बाबुराव आणि शेलारमामांच्या भूमिकेत व्ही. शांताराम नावाचा विशीतला पोरगा. रात्रीच्या लढाईसाठी बाबुरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. रंगवलेल्या पडद्यांऐवजी त्यांच्याकडं खरेखुरे सेट असायचे. सिनेमा तुफान चालला.

पुढं काय करायचं, याचं उत्तर कुठल्याही भागीदारानं एकच दिलं असतं, अजून एक ‘सिंहगड’.

१९२५, आणि एक वेगळीच गोष्ट

बाबुरावांनी तशा गोष्टी काढल्याच. १९२५ मध्ये ‘शहाला शह’ आला, ‘मायाबाजार’ आला. यातला ‘मायाबाजार’ म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या ‘सुरेखाहरण’चीच गोष्ट. पण त्याच वर्षी त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला.

नारायण हरी आपटे यांच्या कथेवरच्या या सिनेमात देव नाही, राजा नाही, तलवार नाही. एक साधा शेतकरी सावकाराच्या कर्जात अडकतो, त्याची जमीन जाते, गाव सुटतं आणि तो शहरात गिरणी कामगार होतो. शेतकरी झाला होता तोच शांताराम.

हा विषय कुणाला माहीत नव्हता असं नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले होते, कर्जाचे कागद जाळले होते. त्यानंतर १८७९ मध्ये इंग्रज सरकारला कायदा करावा लागला होता. आजही धाराशिव जिल्ह्यात भूम, परंडा, कळंबच्या पावसावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. सावकारानं बेकायदा बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद महाराष्ट्राला २०१४ च्या कायद्यात ठेवावी लागली, यावरून हा पाश किती लांबला ते कळतं.

आज जाणकार ‘सावकारी पाश’ला भारतातल्या पहिल्या वास्तववादी सिनेमांमध्ये धरतात. त्या वेळी मात्र प्रेक्षकांनी पाठ फिरवली. चमत्कार आणि लढाया बघायची सवय लागलेल्या लोकांना स्वतःच्याच घरातलं दुःख पडद्यावर बघायचं नव्हतं. सिनेमा चालला नाही आणि बाबुराव परत जुन्या वाटेला लागले. ‘भक्त प्रल्हाद’, ‘मुरलीवाला’, ‘सती सावित्री’. कंपनीतून ‘बाजीप्रभू देशपांडे’ही निघाला, म्हणजे आजच्या ‘पावनखिंड’चीच गोष्ट.

शिष्यांनी काय केलं?

१९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे बाबुरावांचे चार शिष्य बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांनी पैसा लावला आणि कोल्हापुरातच ‘प्रभात’ सुरू झाली. पुढच्याच वर्षी बाबुरावांनीही स्वतःची कंपनी सोडली. १९३१ मध्ये बोलपट आला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचं दार बंद झालं.

प्रभातनंही ओळखीच्या गोष्टी सोडल्या नाहीत. त्यांनी १९३३ मध्ये ‘सिंहगड’ पुन्हा काढला, आणि १९२९ चा आपलाच ‘गोपाळकृष्ण’ १९३८ मध्ये बोलपट म्हणून काढला. पण फरक क्रमात होता. १९३६ ला ‘संत तुकाराम’ धो धो चालला, तर १९३७ ला म्हाताऱ्याशी लग्न लावलेल्या मुलीच्या बंडाचा ‘कुंकू’ आला. तोही नारायण हरी आपटे यांच्याच कादंबरीवर. १९३९ ला पोलीस आणि वेश्येची गोष्ट सांगणारा ‘माणूस’ आला. संत आणि देवांनी कमावलेला पैसा नव्या गोष्टीवर लागत होता, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

बाबुरावांनी हाच डाव आधी टाकला होता. ‘सिंहगड’च्या यशावर ‘सावकारी पाश’ उभा होता. पण एक सिनेमा पडला आणि वाट बंद झाली. नव्या गोष्टीला ओळखीची व्हायला वेळ लागतो, आणि तेवढे सिनेमे पडू देण्याची ताकद त्यांच्या कंपनीत नव्हती.

तरी त्यांनी ती गोष्ट सोडली नाही. १९३६ मध्ये कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, या वेळी आवाजासह. नंतरचा बराचसा काळ त्यांनी चित्रं आणि शिल्पांमध्ये घालवला. १६ जानेवारी १९५४ ला कोल्हापुरातच ते गेले.

१९२५ च्या ‘सावकारी पाश’ची प्रत आज उपलब्ध नाही. तानाजींची गोष्ट मात्र २०२० मध्ये हिंदीत ‘तान्हाजी’ म्हणून आली आणि २०२३ मध्ये, बाबुरावांच्या ‘सिंहगड’ला बरोबर १०० वर्षं होताना, ‘सुभेदार’ म्हणून मराठीत आली. कर्जात जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची गोष्ट दुसऱ्यांदा काढायला मात्र स्वतः बाबुरावांनाच उभं राहावं लागलं होतं.