स्थिरतेचे शास्त्र आणि इब्राहिम आदिलशाह दुसरा

आपल्या जिल्ह्यातील नळदुर्गचा किल्ला आणि पावसाळ्यात तेथे कोसळणारे नर-मादी धबधबे कोणाला ठाऊक नाहीत? बोरी नदीवरील तो बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल 1613 साली, विजापूरच्या इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीत बांधला गेला. या सुलतानाचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावे.

1580 साली चुलते अली आदिलशाह यांचा खून झाला आणि नऊ-दहा वर्षांचा इब्राहिम तख्तावर आला. दरबारात सरदारांची चढाओढ माजली होती. अशा वेळी अलीची विधवा चाँदबिबी हिने त्याचा सांभाळ केला. मोठेपणी तो विद्येचा व संगीताचा मोठा आश्रयदाता ठरला. दख्खनी भाषेत त्याने 'किताब-ए-नौरस' हा गीतसंग्रह रचला. इतिहासकार फरिश्ता त्याच्याच दरबारी होता. हिंदू प्रजेलाही तो आपला वाटे. लोक त्यास जगद्गुरू म्हणत.

त्याच्या काळच्या कारागिरांना बलाचे ज्ञान किती होते, हे नळदुर्गला दिसते. बंधारा जागचा हलत नाही, म्हणून त्याच्यावर बल नाही असे समजू नये. साठलेले पाणी त्याला आडवे रेटते, आणि हा रेटा तळाकडे वाढत जातो. पाण्याची उंची दुप्पट झाली, की एकूण रेटा चौपट होतो. भिंतीचे वजन खाली दाबते, जमीन तितक्याच बलाने तिला वर उचलून धरते आणि पायथ्याचे घर्षण तिला सरकू देत नाही. पाणी भिंतीला उलथवू पाहते. तिचे वजन ते होऊ देत नाही. जादा पाण्याला सांडव्यातून वाट दिली, म्हणजे रेटा मर्यादेत राहतो. ही सर्व बले परस्परांना तोलून धरतात, म्हणून वस्तू स्थिर राहते. स्थितिशास्त्राचा पहिला धडा हाच होय.

विजापूरचा इब्राहिम रौझा हे दुसरे उदाहरण. सुलतानाने तो बेगम ताज सुलताना हिच्यासाठी आरंभिला होता. परंतु 1627 साली तो स्वतः आधी वारला व तेथेच दफन झाला. मलिक संदल हा त्याचा शिल्पी. आतील दालन सुमारे 40 फूट चौरस आहे. त्याचे छत मध्यभागी सपाट असून खाली एकही खांब नाही. भिंतींपासून आत झुकत आलेल्या कडा आणि दगडांना घट्ट धरणारा चुना यांवर ते आजवर टिकून आहे.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी नळदुर्गला जाल तेव्हा वहीत भिंतीचे चित्र काढा आणि प्रत्येक बलासाठी एक बाण दाखवा. बाण कोठे लागतो, कोणत्या दिशेला जातो, हे ठरवता आले की यंत्रशास्त्राचे भय उरत नाही.

पालकबंधूंनो, शास्त्र आपल्या मुलांना झेपणार नाही, ही समजूत सोडून द्यावी. आपल्याच मातीतील कारागिरांनी हा बंधारा उभा केला. दहावीनंतर मुलाला शास्त्र शाखेकडे जाण्याची इच्छा असेल तर त्याला अडवू नका. मुलीला तर मुळीच नाही. पोरक्या वयाच्या सुलतानाला सावरणारी चाँदबिबी एक स्त्रीच होती, हे आपण विसरू नये.