अण्णा कर्वे आणि वीसपैकी सात

आमच्या मस्तगडात संध्याकाळी सातनंतर कोणी जिना चढू लागलं की पावलांवरूनच मला कळतं, कोण आलंय ते. घरमालक चप्पल घासत येतात. दूधवाला धाडधाड येतो. विद्यार्थी मात्र अर्ध्या जिन्यापर्यंत भराभर येतो आणि शेवटच्या दोन पायऱ्यांवर थांबतो. तिथे काहीतरी कुजबुज होते, मग दारावर अगदी हळू टकटक.

जालन्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मस्तगड हे नाव ऐकून उंच डोंगरावरचा किल्ला वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. निजामाच्या काळात, १७२५ साली बांधलेली ही गावातलीच गढीवजा छोटी किल्लेबंदी. तिच्या नावाने आता सगळी वस्ती ओळखली जाते. मी इथे भाड्याच्या खोलीत राहतो आणि कॉलेजात एम-थ्री शिकवतो. एम-थ्री म्हटल्यावर पावलं जिन्यात का थांबतात हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको.

तर गेल्या टर्मच्या शेवटी अशीच टकटक झाली. दारात दोघे. मित्रांनो, मार्क मागायला तुमच्यापैकी कोणी एकटा येत नाही हे माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे. सोबत एक जण असतो, तो काहीच बोलत नाही, नुसता स्वतःच्या बुटांकडे बघत राहतो. ज्याचं काम होतं त्याला इंटर्नलला वीसपैकी सात पडले होते. पासिंगला आठ लागतात. एका मार्काचा प्रश्न होता. त्याने घरची परिस्थिती सांगितली. मोसंबीची बाग पाण्याअभावी तोडावी लागली, वडिलांनी फी कशी भरली, हे सगळं सांगितलं आणि सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले. यातलं काही खोटं नव्हतं. मला ते गाव माहीत आहे.

मी त्यांना उद्या कॉलेजात या म्हणून सांगितलं आणि दार लावलं. रात्री जेवण गेलं नाही.

त्याचं कारण जुनं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका कॉलेजात, माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता. त्यालाही सातच होते. आई आजारी होती, तो रडला, आणि मी सातचे आठ केले. फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं त्या दिवशी! निकाल बोर्डावर लागला तेव्हा लक्षात आलं की त्याच वर्गात सात मार्कांचा आणखी एक होता. तो आलाच नव्हता. दोघे हॉस्टेलच्या एकाच मजल्यावर राहायचे, म्हणजे एकाचे आठ झाल्याचं दुसऱ्याला कळलं असणारच. इंटर्नलला वेगळं पास व्हावं लागायचं, त्यामुळे त्याचा विषय राहिला. त्याने मला कधी काही विचारलं नाही. एकदा फक्त जिन्यात समोरासमोर आलो, त्याने बाजूला होऊन मला वाट दिली. बस्स, एवढंच. पण ते बाजूला होणं मला अजून आठवतं.

असो. त्या रात्री झोप येईना म्हणून लायब्ररीतून आणून ठेवलेलं महर्षी कर्व्यांचं आत्मवृत्त उघडलं. हे पुस्तक १९१५ सालचं. कर्वे म्हटलं की आपल्याला विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, पुण्यातला कर्वे रोड आणि शंभराव्या वर्षी मिळालेलं भारतरत्न आठवतं. हा माणूस १८९१ ते १९१४ अशी तेवीस वर्षं कॉलेजात गणिताचा मास्तर होता हे कोणाच्या ध्यानात नसतं. आम्हा गणितवाल्यांच्या वाट्याला एवढा मोठा माणूस क्वचित येतो, तेव्हा थोडा अभिमान सहन करा.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, कोकणात शेरवली या आजोळच्या गावी. घर मुरुडचं, दापोलीजवळचं. परिस्थिती बेताची. अंगकाठी किरकोळ आणि स्वभाव अतिशय बुजरा, चारचौघांत तोंड उघडायची मारामार. मुरुडच्या शाळेत सोमण गुरुजींनी या मुलांना घडवलं. १८७५ साली कर्व्यांना परीक्षेला बसायचं होतं, मराठी सहावीच्या. आज आपल्याला सहावी म्हणजे काहीच वाटत नाही, पण त्या काळी ती पास झाली की मास्तरकीची नाहीतर कचेरीतल्या कारकुनीची वाट उघडायची. गरीब घरातल्या मुलाला याहून मोठी परीक्षा नव्हती. परीक्षेला बसायची अट एकच, वय सतरा पूर्ण पाहिजे.

केंद्र साताऱ्याला. मुरुड समुद्राकाठी आणि सातारा सह्याद्रीच्या पलीकडे! पावसाळ्याचे दिवस. ही मुलं पाठीवर आपापलं सामान घेऊन चालत निघाली. शंभर मैलांहून जास्त अंतर, म्हणजे आपल्या हिशेबाने एकशे साठ किलोमीटरच्या वर. मधे कुंभार्ली घाट. जालन्याहून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, चालत जाऊन चालत परत आलात आणि मग पुन्हा निम्म्या वाटेपर्यंत गेलात तर साधारण तेवढं अंतर होईल. तेसुद्धा सपाटीवर. त्यांच्या वाटेत घाट होता, चिखल होता, अंगावर पाऊस होता.

पोहोचले. कमिटीपुढे नावनोंदणीला उभे राहिले. हातात दाखला होता आणि दाखल्यावर वय बरोबर लिहिलेलं होतं. एप्रिलचा जन्म, परीक्षा सप्टेंबरची, म्हणजे सतरा वर्षं पाच महिने. पण अध्यक्षांनी या बारक्या पोराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तो सतरा वर्षांचा दिसत नाही असं ठरवून टाकलं. परीक्षेला बसू दिलं नाही. झालं! शंभर मैल चालून आलेला मुलगा पेपरला हात न लावता आल्या पावली घाट उतरून मुरुडला परत.

हे मी याआधीही वाचलं होतं. शाळेत असताना धड्यात की कुठेतरी. तेव्हा मनातल्या मनात मी त्या पोराच्या बाजूने होतो आणि अध्यक्षांचा मनस्वी राग आला होता. या वेळी वाचताना मात्र पुस्तक मिटून ठेवलं. कारण त्या खोलीत माझी जागा कोणती ते कळलं. मी टेबलाच्या पलीकडे बसलो होतो. अध्यक्षांनी काय केलं? हातातला कागद बाजूला ठेवला आणि तोंड बघून निर्णय दिला. मी पहिल्या नोकरीत काय केलं होतं? तेच. त्यांनी तोंड बघून नाकारलं आणि मी तोंड बघून दिलं, एवढाच काय तो फरक. आणि माझ्याकडे जो आलाच नाही, त्याचं तोंड मी पाहिलंसुद्धा नव्हतं. बुजरा कर्वे तोच होता. त्याने घाट उतरायला सुरुवात केली आणि मला पत्ताही नाही.

आपल्याकडे तोंड बघून मार्क दिले, असं पोरं हॉस्टेलच्या मेसमध्ये रोज म्हणतात. मला तो आरोप नेहमी ओरलपुरता वाटायचा. माझे काही सहकारी हे वाचून नाराज होतील याची मला कल्पना आहे. एखाद्या मार्काने काय बिघडतं, पोराचं वर्ष वाचतं ना, असं म्हणणारे लोक मनाने चांगले असतात. मीही त्यातलाच आहे. पण एक मार्क द्यायचाच असेल तर तो सात मार्कांच्या सगळ्यांना द्यावा लागेल आणि मग सहावाल्यांनी काय घोडं मारलं?

पुढचं कर्व्यांचं आयुष्य तुम्हाला थोडंफार माहीत असेल, तेव्हा भराभर सांगतो. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्यांनी तीच परीक्षा दिली आणि पास झाले. त्यानंतर इंग्रजीचं शिक्षण. मॅट्रिक झाले १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. तेविसाव्या वर्षी आपल्याकडे एखादा दोनदा ड्रॉप घेऊनही इंजिनिअर होतो! मग मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेज, गणित घेऊन १८८४ ला बी. ए. खर्च भागवायला शिकवण्या, आणि त्या तुटपुंज्या कमाईतूनही काही वाटा दुसऱ्यांसाठी बाजूला काढायची सवय.

१८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि फर्ग्युसन कॉलेजात गणिताची जागा रिकामी झाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मुंबईहून कर्व्यांना बोलावलं. दोघेही एल्फिन्स्टनचे, एकाच वर्षीचे बी. ए. कर्वे आधी कचरले. टिळकांच्या जागी उभं राहून गणित शिकवायचं म्हणजे काही गंमत नव्हती. आपल्याला किती येतं आणि किती येत नाही याचा या माणसाला चोख अंदाज होता. मला विचाराल तर हा गुण मास्तराला डिग्रीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. शेवटी १८९१ मध्ये ते आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

याच वर्षी त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरुडने त्यांना वाळीत टाकलं. ज्या गावातून साताऱ्याला चालत गेले होते त्याच गावाने! १८९६ ला त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. तेव्हा तिथे होतं काय, तर एक झोपडी. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं, संध्याकाळी काही मैल चालत हिंगण्याला जायचं, तिथली कामं बघायची आणि सकाळी परत कॉलेज. चालणं या माणसाच्या पाचवीलाच पुजलेलं होतं.

मला यातली एक गोष्ट फार विचारात पाडते. हा बुजरा माणूस पुढे आयुष्यभर मागत फिरला. आश्रमासाठी दारोदार, गावोगाव. कोणी रुपया दिला, कोणी आणा, कोणी दारातून परत पाठवलं. मागायची त्यांना लाज वाटली नाही, आणि जे मिळालं त्याचा पै-पैचा हिशेब ते देत राहिले. १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झालं. १९२० मध्ये ठाकरसींकडून पंधरा लाखांची देणगी मिळाली, तेव्हा विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं. तेच आजचं एस. एन. डी. टी. तरी या म्हाताऱ्याचं फिरणं थांबलं नाही. १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते परदेशात गेले, बर्लिनमध्ये आइन्स्टाईनना भेटले. त्यांच्या विद्यापीठाच्या पदवीला कायद्याने मान्यता मिळायला मात्र १९५१ साल उजाडलं. म्हणजे पस्तीस वर्षं हाही दाखला हातात घेऊन दारात उभं राहणंच होतं. ज्या मुंबई विद्यापीठातून ते बी. ए. झाले होते त्याने १९५७ मध्ये त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली, १९५८ ला भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ ला, एकशे चार वर्षांचे होऊन, अण्णा गेले.

मागणं वाईट नाही, एवढं मला त्या रात्री पटलं. विद्यार्थी दारात आला म्हणून त्याला झिडकारण्यात काही बहादुरी नाही. साताऱ्याच्या पोराचं मागणं रास्तच होतं, फक्त माझा कागद वाचा एवढंच ते होतं.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये तो आला, मित्राला घेऊनच. मी त्याचा पेपर काढला. समोर बसवून एकेक प्रश्न त्याच्याबरोबर तपासला. लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या उदाहरणात दुसऱ्याच ओळीत चिन्ह चुकलं होतं आणि पुढचं सगळं त्या चुकीवर उभं होतं. त्या पायऱ्यांचे मार्क मी आधीच दिले होते. बेरीज बरोबर होती. सातचे सात राहिले. तो रडला नाही. मित्र बुटांकडे बघत होता. जाताना मी त्याला पुढच्या टर्मला सकाळी साडेसातला येत जा म्हटलं. पहिले दोन आठवडे आला, मग बंद झाला, मग परीक्षेच्या तोंडावर पुन्हा येऊ लागला. विषय सुटला की नाही ते इथे लिहीत नाही, ते त्याचं त्याने सांगावं.

ते दोघे गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि पूर्ण गठ्ठा काढला. सात मार्कांचे पाच पेपर निघाले. चौघे माझ्याकडे आलेच नव्हते. सगळे पहिल्यापासून तपासले. तिघांचे सातच राहिले. चौथा पेपर एका मुलीचा होता. पुरवणीच्या मागच्या पानावर तिने एक उदाहरण सोडवलं होतं, अर्धं पण बरोबर, आणि मी ते पान उलटलंच नव्हतं. दीड मार्क. लाल पेनने दुरुस्ती केली, सही केली, एचओडींना दाखवून यादी बदलून घेतली.

तिला हे माहीत नाही. कॉरिडॉरमध्ये भेटली की ती गुड मॉर्निंग सर म्हणते आणि भिंतीच्या कडेने निघून जाते.